व्हॅक्यूम चेंबरमधील बेअरिंगला ग्रॅफाइट का चालत नाही?

व्हॅक्यूम चेंबरमधील फिरत्या टेबलाचे बेअरिंग ग्रॅफाइट पावडर लावूनही लवकरच घासू लागते, तेव्हा दुसरे कोणते कोरडे वंगण वापरावे, असे आपण विचारले आहे. वेर्णा औद्योगिक वसाहतीत मी अशाच यंत्रांची देखभाल करतो.

ग्रॅफाइट स्वतःच्या बळावर निसरडे नसते. हवेतील बाष्प त्याच्या थरांना चिकटलेले असते म्हणून ते थर सहज सरकतात. पंपाने बाष्प ओढून घेतले की घर्षण वाढते आणि ग्रॅफाइटची धूळ होते. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतील कार्बन ब्रश याच कारणाने भराभर झिजत असत. मॉलिब्डेनम डायसल्फाइड या दुसऱ्या कोरड्या वंगणाचे नेमके उलट असते: निर्वातात त्याचा घर्षणांक ०.०५ च्या खाली जातो, तर दमट हवेत तो कित्येक पटींनी वाढतो आणि लेपही लवकर संपतो.

त्यामुळे आपल्या गोव्यात या लेपाला खरा धोका चेंबर उघडल्यावर असतो, विशेषतः पावसाळ्यात. लेप दिलेले बेअरिंग सिलिका जेलसह हवाबंद ठेवावे, चेंबर कोरड्या नायट्रोजनने भरून मगच उघडावा, आणि ‘फिरते का बघूया’ म्हणून टेबल हवेत फिरवण्याचा मोह टाळावा. गुरू ग्रहाकडे पाठवलेल्या नासाच्या गॅलिलिओ यानाचा मुख्य अँटेना १९९१ मध्ये पूर्ण उघडला नाही, त्यामागेही प्रक्षेपणापूर्वीच्या ट्रकप्रवासांत अँटेनाच्या पिनांवरचे कोरडे वंगण झिजले असावे, असाच तपासाचा निष्कर्ष होता.

बेअरिंगसाठी पावडर चोळण्यापेक्षा स्पटरिंगने (निर्वातात अणू उडवून पृष्ठभागावर बसवण्याच्या पद्धतीने) दिलेला साधारण एक मायक्रॉन जाडीचा लेप घ्यावा. त्याआधी मूळचे ग्रीस आणि गंजरोधक तेल द्रावकाने पूर्ण धुऊन काढावे आणि रबरी सील काढून टाकावेत. लेप तेलासारखा परत वाहून येत नाही, जिथून गेला तिथून गेलाच. म्हणून गोळ्यांना धरून ठेवणारा केज टेफ्लॉन व मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिश्रित असला तर तो झिजता झिजता गोळ्यांना नवे वंगण पुरवत राहतो.

टेबल फिरवायला गियर असतील तर त्यांचे काम अधिक कठीण, कारण त्यांचे दाते एकमेकांवर घसरतात. स्टेनलेस स्टीलवर स्टेनलेस स्टील कधीही चालवू नये, निर्वातात ते एकमेकांना चिकटते. भार कमी असेल तर एक गियर पोलादी आणि दुसरा मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेल्या पॉलिइमाइड या टणक प्लास्टिकचा ठेवावा.