थोरलीला सगळं हवं, धाकट्याला काहीच नको

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मनात अडकून बसलं: "एकीला जरा घरी थांब म्हणावं लागतं आणि दुसऱ्याला घराबाहेर काढता काढता माझा जीव जातो." थोरली १२ वर्षांची. नाटक, बुद्धिबळ, पोहणं, शाळेचं वाचन मंडळ, सगळीकडे पुढे. धाकटा ९ वर्षांचा. तीन क्लास लावले, तिन्ही महिन्याभरात सुटले. शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि आपल्या खोलीत जातो. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: त्याला जबरदस्तीने कुठेतरी घालावं का, आणि आपलंच काही चुकलं का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. नाही, तुमचं चुकलं म्हणून तो असा झालेला नाही. एकाच घरात, एकाच आईबापांच्या हाताखाली वाढलेली भावंडं इतकी वेगळी कशी निघतात, हा प्रश्न १९८७ साली रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स या संशोधकांनी अगदी याच शब्दांत विचारला होता. सख्ख्या भावंडांची जनुकं सरासरी निम्मीच जुळतात, म्हणजे फरकाला तिथेच भरपूर जागा आहे. आणि घर एक असलं तरी दोघांच्या वाट्याला आलेलं घर एक नसतं. तुमच्या थोरलीला पहिली तीन वर्षं आईबाप एकटीला मिळाले. धाकट्याला जन्मापासून समोर एक ताई मिळाली, जिला सगळं त्याच्या आधी येतं.

मी हे दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. माझी दोन मुलं आता मोठी झाली, आणि बावीस वर्षं मी शाळा सुटल्यावर मुलांचा नाट्यवर्ग घेतला. त्यात भावंडांच्या जोड्या खूप आल्या. एक नाचत येते, दुसरं दाराच्या चौकटीला धरून उभं. सुरुवातीची काही वर्षं मीही त्या चौकटीपाशी उभ्या असलेल्या मुलाला म्हणायची, "अरे, तू तिचा भाऊ ना? मग तुला तर सहज जमेल!" मला वाटायचं, मी त्याला धीर देते आहे.

ते वाक्य कसं लागतं ते मला माझ्याच मुलामुळे कळलं. तो तेव्हा आठ वर्षांचा. बॅडमिंटनच्या हॉलबाहेरच्या बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. बांधली, सोडली, परत बांधली. आत त्याची बहीण तीन वर्षं खेळत होती. प्रशिक्षक बाहेर आले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "तू तिचा भाऊ! मग तुला शिकवायला असं काय लागणार?" त्याने नाडी तशीच सोडून दिली. रॅकेटवर कव्हर चढवलं, चेन अगदी टोकापर्यंत ओढली आणि म्हणाला, "आई, पोटात दुखतंय." घरी येताना मी त्याला रागावले. ताईच्या कधी पोटात दुखलं का, असंही विचारलं. कितीतरी वर्षांनी, कॉलेजला असताना, त्याने आपणहून सांगितलं: "मला वाटलं, आता मी नीट नाही खेळलो तर ते ताईला सांगतील." खेळाचा त्याला कंटाळा नव्हताच. त्या हॉलमध्ये त्याची जागा तो आत जायच्या आधीच ठरून गेली होती, एवढंच.

म्हणून पहिली गोष्ट: तुमचा मुलगा "नको" म्हणतो तेव्हा नेमकं काय नको म्हणतो, ते शोधा. तीन सुटलेल्या क्लासपैकी किती क्लास ताईचे होते? तीच जागा, तेच शिक्षक? भावंडं एकमेकांपासून मुद्दाम वेगळी होत जातात, याकडे १९७६ साली एका अमेरिकन संशोधिकेने लक्ष वेधलं होतं. पहिल्या दोन अपत्यांमध्ये हे जास्त दिसतं. एकाने एक प्रांत घेतला की दुसरं तिथून बाजूला होतं. बहीण जर "सगळ्यात भाग घेणारी" असेल, तर भावाला उरलेली एकच जागा म्हणजे "कशात भाग न घेणारा". तो ती जागा घेतो. तिथे निदान तुलना नसते.

दुसरा "नको" वेगळा असतो. तो फक्त "अजून नको" असतो, पण मोठ्यांना तो कायमचा ऐकू येतो. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचे स्वभाव अगदी तान्हेपणापासून वर्षानुवर्षं नोंदवले. त्यांना जवळपास १५ टक्के मुलं अशी दिसली, की जी नव्या जागी, नव्या माणसांत आधी मागे सरतात आणि पुन्हा पुन्हा तिथे गेल्यावर, आपल्या गतीने, मोकळी होतात. त्यांना ढकललं तर ती आणखी मागे जातात, आणि लगेच बाहेर काढलं तर मोकळं होण्याची वेळच येत नाही. तुमचा मुलगा महिन्याभरात क्लास सोडतो म्हणालात. आठवड्यातून एकदा असेल तर महिना म्हणजे चार वेळा. अशा मुलाची चौथ्या वेळेपर्यंत कुठे जेमतेम खोलीची ओळख होते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. पहिले सहा आठवडे भिंतीला टेकून बसून राहिली. तिची आई दर वेळी मला विचारायची, "आज काही केलं का हिने?" आणि मी दर वेळी म्हणायची, "बघितलं." सातव्या आठवड्यात एका मुलाला संवाद आठवेना, तेव्हा भिंतीपाशी बसल्या जागेवरून तिने तो सांगितला. तिला सगळ्यांचे संवाद पाठ होते! तिचा मोठा भाऊ पहिल्याच दिवसापासून रंगमंचाच्या मधोमध असायचा, आणि त्याला त्याचे स्वतःचेही पाठ नसत. आता उत्साह कुणाचा जास्त, हे मी कसं ठरवू?

तिसरा "नको" निव्वळ दमल्याचा असतो. काही मुलांना शाळेतले पाच-सहा तास, तो गोंगाट, ते सतत कुणाच्या तरी सोबत असणं पुरेपूर होतं. घरी आल्यावर दार लावून बसणं ही त्यांची विश्रांती असते. बहिणीला तीच विश्रांती चार मैत्रिणींत मिळते. खोलीत जाऊन तो काय करतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेच मला सगळ्यात जास्त जाणून घ्यायचं आहे. काही जोडतो, काढतो, वाचतो, एकच गोष्ट तासभर करत बसतो का? मग त्याच्यात हौस आहे, फक्त तिला वेळापत्रक आणि गणवेश नाही. नुसता पडद्यासमोर बसत असेल तर गोष्ट थोडी वेगळी. पण तिथेही आधी तो पडद्यावर काय बघतो ते त्याच्या शेजारी बसून बघा, लगेच बंद करू नका.

आता जबरदस्तीबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: पोहणं सोडून कशाचीही सक्ती करू नये. पोहणं हौसेत धरू नका, ते रस्ता ओलांडायला शिकण्यासारखं आहे. आवडो न आवडो, पाण्यात स्वतःला सावरता येईपर्यंत शिकायचं आणि मग हवं तर सोडायचं. त्यातही ताईच्या बॅचमध्ये नको, वेगळ्या वेळी. शरीराची हालचाल रोज हवी हेही खरंच. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं सांगते. पण त्यासाठी क्लासच लागतो असं कुठे आहे? सायकल, दोरीवरच्या उड्या, तुमच्यासोबत झपाझप चालणं, सगळं त्यात धरतात.

बक्षिसाच्या वाटेला तर मुळीच जाऊ नका. "महिनाभर गेलास तर अमुक देईन" हे मीही केलेलं आहे. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर हीच मुलं त्या पेनांकडे बाकीच्यांच्या निम्म्यानेच वळत होती. ज्यांना ध्यानीमनी नसताना प्रशस्तिपत्र मिळालं, त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. आवडणाऱ्या गोष्टीचं असं होतं, मग न आवडणाऱ्या गोष्टीला लालूच दाखवून काय हाती लागणार?

त्यापेक्षा माझ्या घरी जे चाललं ते सांगते. आम्ही आधी त्याला दोन महिने काहीही लावलं नाही. खरोखर काहीही नाही, आणि टोमणाही नाही. हे मला फार जड गेलं. मग प्रश्न बदलला. "तुला काय शिकायचंय?" याला आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडे उत्तर नसतं. त्याऐवजी मी विचारलं, किती मुलं असली तर चालतील? आवाज चालेल का? सगळ्यांसमोर उभं राहून करायचं की कोपऱ्यात बसून? तो म्हणाला, "तीन मुलं. आणि कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत." यावर मी हसले नाही, याचं आजही समाधान वाटतं. ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन-तीन मुलांना सायकल दुरुस्ती शिकवत. पहिल्या दिवशी फक्त बघायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशीही तो बघतच राहिला. तिसऱ्या वेळी त्यांनी न बोलता त्याच्या हातात पाना दिला आणि स्वतः दुसऱ्या चाकाकडे वळले. घरी आला तेव्हा हाताला ग्रीस, आणि बोटं धुवायला तयार नाही. पुढे तीन वर्षं तो तिथे गेला. तिथे त्याला कुणीही ताईचा भाऊ म्हणून ओळखत नव्हतं.

एक नियम मात्र आधीच बोलून ठेवा: सुरू केलं तर किती वेळा जायचं. आमच्याकडे आठ वेळा असं ठरलं होतं. आठव्यानंतर त्याने नको म्हटलं तर तिथेच संपलं, "का" विचारायचं नाही, बोलून दाखवायचं नाही. मुलाला बाहेर पडायचं दार दिसत असलं की आत यायला ते घाबरत नाही. आणि मध्येच सोडायची सवय लागेल ही तुमची भीतीही यात आपोआप मिटते, कारण ठरलेलं तो पूर्ण करतो.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी थोरलीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. सगळ्याला हो म्हणणाऱ्या मुलाची काळजी कुणी करत नाही. माझी मुलगी तेरा वर्षांची असताना एकदा रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली, "उद्या काही नाही ना?" तिचा तो स्वर मी विसरले नाही. आठवड्याचे सहा दिवस तिचे भरलेले होते आणि आम्ही कौतुकाने सगळ्यांना सांगत होतो. ती क्लासमधून आली की मी उठून दारात जायची, "काय केलंस आज?" म्हणून. तो क्लासला न जाता घरी असला की मी उठत नसे. दोघांनीही ते नीट टिपलं होतं. तुमच्या १२ वर्षांच्या मुलीला ९ ते १२ तास झोप मिळते का, हे एक आठवडा घड्याळ लावून पाहा. तिच्या कुठल्या क्लासला कुणी बघायला आलं नाही, स्पर्धा नसली, तरी ती जाईल, हेही तिला विचारा. ती बराच वेळ गप्प राहिली तर घाई करू नका.

आणि पाहुण्यांसमोर "ही आमची हौशी आणि हा आमचा एकलकोंडा" हे आजपासून बंद. मुलं समोर नसतानाही बंद, कारण ती असतातच कुठेतरी ऐकण्याच्या अंतरावर.

काही वेळा मात्र हा स्वभावाचा भाग नसतो. आधी जे मनापासून आवडायचं ते अचानक सोडलं, शाळेलाही जायला नको म्हणतो, झोप किंवा भूक बिघडली, वारंवार पोटात दुखतं, ठरावीक एका माणसाचं किंवा जागेचं नाव निघालं की गप्प होतो, तर थांबू नका. कुणी त्रास देतंय का, हे शांतपणे विचारा आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. डोळे आणि कानही एकदा तपासून घ्या. चेंडू नीट दिसत नाही किंवा गोंगाटात सूचना ऐकू येत नाहीत म्हणून खेळ टाळणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांना स्वतःला ते सांगता येत नाही.

तुमच्या लिहिण्यावरून तरी तसं काही वाटत नाही. पण एक गोष्ट राहिली. थोरलीचे इतके क्लास आहेत म्हणजे तिला सोडणं-आणणं रोजचंच असणार. त्या वेळात धाकटा कुठे असतो? गाडीत, बाहेरच्या बाकावर, की घरी? आठवड्यातले किती तास तो फक्त ताईची वाट बघण्यात घालवतो, ते मोजा आणि मला कळवा. तो आकडा पाहून पुढचं बोलू.