झटका आल्यावर शुगर लगेच खाली आणली असती तर बाबांचा हात वाचला असता का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला, सीटीत रक्तस्राव नव्हता म्हणजे गुठळीचा झटका होता. दाखल करताना शुगर 286, तीन महिन्यांची शुगर (एचबीएवनसी) 7.1. दुसऱ्या दिवशी सकाळी हात आणखी लुळा पडला. रात्रीच इन्सुलिनने शुगर उतरवली असती तर हे टळलं असतं का?

मी फिजिशियन आहे, हा प्रश्न मला वॉर्डाबाहेर नेहमी विचारला जातो. बहुधा टळलं नसतं. कारण नीट सांगतो, कारण ही बोचणी घरच्यांना वर्षानुवर्षं छळते.

आधी तुमचे दोन आकडे शेजारी ठेवा. एचबीएवनसी 7.1 म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत सरासरी शुगर साधारण 157. दाखल होताना 286, म्हणजे जवळपास 1.8 पट. हीच 286 जर एचबीएवनसी 10 असलेल्या माणसाची असती, तर त्याची सरासरीच 240 च्या आसपास, म्हणजे वाढ जेमतेम 1.2 पट. बाबांची शुगर एकाएकी चढलेली दिसते. मेंदूला मार बसला की कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन उसळतात आणि यकृत रक्तात साखर सोडतं. हे गुणोत्तर जितकं मोठं, तितकी पहिल्या दोन-तीन दिवसांत तब्येत बिघडण्याची शक्यता जास्त, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. नुसत्या एका आकड्यापेक्षा मला हे जास्त उपयोगी वाटतं. मात्र रक्तक्षय किंवा सिकलसेल असेल तर एचबीएवनसीच फसवा येतो. विदर्भातल्या रुग्णांत मी हे आवर्जून विचारतो.

चढलेली शुगर नुकसानही करते. गुठळीच्या आसपासचा भाग कमी रक्तावर कसाबसा तग धरून असतो. तिथे ऑक्सिजनशिवाय साखर जळली की लॅक्टिक अ‍ॅसिड साचतं आणि पेशी मरतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं असेल तर रक्तस्रावाचा धोकाही वाढतो.

मग झपाट्याने का उतरवत नाहीत? कारण ते करून पाहिलं आहे. अमेरिकेतल्या शाइन चाचणीत, जिचे निष्कर्ष 2019 मध्ये आले, 1151 रुग्ण होते. अर्ध्यांची शुगर इन्सुलिनच्या ड्रिपने 80 ते 130 मध्ये ठेवली, बाकीच्यांची 180 च्या खाली. तीन महिन्यांनी चांगले सावरलेले दोन्हीकडे जवळपास सारखेच, 20.5 आणि 21.6 टक्के. उलट कडक गटात 2.6 टक्के रुग्णांची शुगर 40 च्या खाली गेली, दुसऱ्या गटात एकाचीही नाही. जखमी मेंदूला शुगर इतकी पडणं अजिबात परवडत नाही. म्हणून 140 ते 180 हे लक्ष्य ठेवतात. तुमच्या डॉक्टरांनी रात्री घाई केली नाही, ते मला योग्यच वाटतं.

बिघडायला इतर कारणंही असतात: गुठळी पुढे सरकणं, बीपी पडणं, सूज, ताप, मेंदूत नव्याने रक्तस्राव. त्यामुळे पुन्हा सीटी झाला का आणि त्यात काय दिसलं, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आता तुमच्या हातात काय आहे? नर्स बाबांना हात समोर धरायला लावून दहापर्यंत मोजते, पाय उचलून पाचपर्यंत. हात आधीच्यापेक्षा लवकर खाली येतोय, बोलणं जड झालंय किंवा गुंगी वाढली असं दिसलं, तर राउंडची वाट न बघता तेव्हाच सांगा, रात्री तीन वाजता असलं तरी. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका. आणि नातेवाईक प्रेमाने आणतात तो ग्लुकोजचा डबा किंवा फळांचा रस, तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.