दगड की पत्रा?

प्रश्न: मुलीकडे अमेरिकेत गेले होते. तिथल्या एका लहान गावाच्या संरक्षित पेठेत जुन्या दुकानाची ‘दगडी’ नक्षी बोटाने वाजवली, तर आवाज चक्क पत्र्याचा! ही डागडुजीतली बनवाबनवी का?

उत्तर: नाही हो, पत्राच अस्सल आहे. मीही अशाच पानाफुलांना लोहचुंबक लावून पाहिला होता, टपकन चिकटला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट लुइसचे मेस्कर ब्रदर्स आणि इव्हान्सव्हिलचा त्यांचाच भाऊ जॉर्ज दुकानांचे अख्खे दर्शनी भाग कॅटलॉगवरून विकत. मापं कळवायची, की ओतीव लोखंडाचे खांब नि नक्षी उठवलेला जस्ती पत्रा आगगाडीने हजर! वरून दगडाचा रंग दिला की गिऱ्हाईक खूश. पुन्हा गेलात तर खांबाच्या तळाशी वाकून बघा. रंगाच्या थरांखाली कारखान्याचं नाव, कधी १८८७ च्या पेटंटची तारीखही सापडते. (गुडघे दुखत असतील तर लेकीला वाकायला सांगा.)

मात्र ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदीची पाटी पाहून निर्धास्त होऊ नका. नुसत्या त्या नोंदीने, स्वतःचे पैसे घालून पत्रा उचकटणारा खासगी मालक थांबत नाही. त्याला अडवतो तो गावाचा स्वतःचा नियम, केलेला असला तर.