लघवीला संयम कशाला?

प्रश्न (मिरज): खेड्यापाड्यातल्या बायकांच्या लघवीच्या तक्रारींची प्रश्नावली मराठीत आणतोय. 'मूत्र-असंयम' (लघवी रोखून धरता न येणं, इंग्रजीत 'इन्कॉन्टिनन्स') हा शब्द चालेल का?

उत्तर: नाही चालणार. हा शब्द ऐकला की डोकं उठतं. बाळंतपणांनी ओटीपोटातले स्नायू सैल पडलेल्या बाईला तुम्ही असंयमी ठरवणार?

गंमत म्हणजे उलट-भाषांतराच्या (मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत करून मुळाशी ताडून बघायच्या) चाळणीत हा शब्द अडकणारच नाही. मूळ इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या 'एकत्र धरून ठेवणे'वरून आला, आणि सम् + यम् म्हणजेही जवळपास तेच. त्यामुळे उलट-भाषांतर करणारा बरोब्बर मूळ शब्दावर पोचतो आणि कागद पास होतो. क्रॉनबॅकचा अल्फा हा प्रश्नावली तपासायचा आकडाही फक्त उत्तरं एकमेकांशी जुळतात का ते बघतो. शब्द कळला का, हे बाईसमोर बसून 'यातून तुम्हाला काय समजलं?' असं विचाराल तेव्हाच कळेल.

'लघवी' ठेवा. काय देखणा शब्द आहे! काही पंडित त्याला 'लघुशंका'चं तोकडं रूप म्हणतात. अहो, समास तोडला की हाती 'लघु' उरतो, मग 'वी' कुठून आणलात? दुसरे त्याचं नातं 'लाघवी'शी जोडतात. गोडबोल्या माणसाचा इथे काय संबंध? माझं मत सरळ आहे. शंका स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी: 'लघ्वी शंका'. पुढे लाजेपोटी नाम गळालं आणि विशेषणच नाम होऊन बसलं. म्हणून तर मूत्र 'ते' आणि लघवी 'ती'. 'परसाकडे जाऊन येतो' म्हणताना तरी खरं काम कोण बोलून दाखवतं? संस्कृत व्याकरणातलं स्त्रीलिंगी रूप साताऱ्याच्या बाजारात भाजी विकणारी मावशी 'लगवी' म्हणून बिनधास्त वापरते, आणि पंडित प्रत्यय शोधत बसलेत.

हां, क्रियापद राहिलंच. थेंब थेंब असेल तर 'गळते', खोकला-शिंकेसरशी असेल तर 'सुटते'. आमच्याकडच्या बायका 'खोकलं की सुटतीया' असंच सांगतात. तुमची प्रश्नावली आयसीआयक्यूची, म्हणजे लघवी सुटण्याच्या त्रासावरच्या इंग्रजी प्रश्नावलीची, छोटी आवृत्ती असेल (गुण 0 ते 21), तर तिच्या शेवटच्या प्रश्नात 'व्यायाम करताना' असा पर्याय येतो. वैरणीचा भारा वाहणारी बाई त्यावर खूण करणार नाही. तिथे 'कष्टाचं काम करताना' जोडायची परवानगी प्रश्नावलीच्या मालकांकडून आधी घ्या. आणि खोकल्यासरशी लघवी सुटण्याच्या इंग्रजी नावात जो 'स्ट्रेस' येतो, त्याचं 'मानसिक तणाव' तेवढं करू नका. तो खोकल्याने पोटात वाढणारा दाब आहे. तणाव म्हणालात तर बाई घरातल्या कटकटी सांगत बसेल.