चाळीस दिवस की सेहेचाळीस?

प्रश्न : आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) मासिक पत्रकात पाळकसाहेबांनी २०२६ च्या ईस्टरपूर्व उपवासकाळाविषयीच्या संदेशात 'चाळीस दिवस' असे लिहिले होते; परंतु १८ फेब्रुवारीच्या राखेच्या बुधवारपासून, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या दिवशीच्या, ४ एप्रिलच्या शनिवारपर्यंत मोजले असता सेहेचाळीस दिवस भरतात. ही चूक आहे काय? शिवाय, गतवर्षीच्या झावळ्या आणून देण्याची सूचना कशासाठी असते?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपली मोजणी अचूक आहे आणि पाळकसाहेबांचेही चुकलेले नाही. प्रत्येक रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा स्मरणदिन मानला जात असल्यामुळे पाश्चात्त्य परंपरेतील (कॅथलिक, प्रोटेस्टंट) मंडळ्या या काळातील सहा रविवार उपवासात धरत नाहीत, आणि ते वगळले की येशूने अरण्यात केलेल्या उपवासाइतकेच चाळीस दिवस उरतात. पूर्वेकडील (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांचा हिशेब मात्र निराळा आहे. पत्रकात हे एका ओळीत सांगितले असते, तर आपल्यासारख्या चिकित्सक वाचकाला बोटे मोजत बसावे लागले नसते!

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, घरी नेलेल्या, वर्षभरात सुकलेल्या झावळ्या जाळून राखेच्या बुधवारी कपाळावर लावायची राख करतात. म्हणून ती सूचना त्या बुधवारच्या आधीच्या रविवारपर्यंत तरी यावी लागते.