डीएनए वाढवतात की डीएनएच्या प्रती?

प्रयोगशाळेतील चाचण्यांच्या माहितीपुस्तिकेचे मराठी भाषांतर करणाऱ्या एका वाचक भगिनींचा प्रश्न असा आहे. मूळ इंग्रजी मजकुरात ‘ॲम्प्लिफिकेशन’ हा शब्द डीएनएसाठीही येतो आणि चाचणीत दिसणाऱ्या सिग्नलसाठीही येतो. त्यांनी दोन्हीकडे ‘प्रवर्धन’ लिहिले, तपासनिसांनी दोन्हीकडे ‘विवर्धन’ केले. यांपैकी कोणता शब्द बरोबर, आणि पुढील वाक्य मराठी म्हणून चालेल का, अशी त्यांची विचारणा आहे: ‘घन पृष्ठभागावर डीएनए वाढवून शोध संकेतांचे प्रवर्धन केले जाते.’

उपसर्गाचा वाद आधी मिटवू. ‘प्र’ आणि ‘वि’ हे दोन्ही उपसर्ग ‘वर्धन’ला जोर देतात, अर्थाच्या दृष्टीने त्यांत डावे-उजवे करता येत नाही. फरक आहे तो रूढीचा. ॲम्प्लिफायरला हिंदीत प्रवर्धक म्हणतात, तर मराठीतील इलेक्ट्रॉनिक्सच्या लेखनात विवर्धक हा शब्द रुळलेला आहे. तेवढ्यापुरते तपासनिसांचे म्हणणे मान्य करावे. परंतु खरी अडचण उपसर्गात नाही. इंग्रजीने एकाच शब्दात दोन निरनिराळ्या क्रिया कोंबल्या आहेत, आणि आपणही एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर तो कोणत्याही उपसर्गाचा असला तरी वाचकाची फसगत होते.

ध्वनिवर्धक हा आपल्या रोजच्या ओळखीचा शब्द घेऊ. वक्ता एकच असतो, आवाज एकच असतो. तो फक्त मोठा होऊन मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचतो. याउलट पीसीआरमध्ये, म्हणजे कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचलेल्या आणि १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवून देणाऱ्या पद्धतीत, आवाज मोठा होत नाही, तर वक्तेच वाढतात. डीएनएच्या निवडलेल्या तुकड्याच्या प्रत्येक फेरीत दुप्पट प्रती होतात, असे धरले तर ३० फेऱ्यांनंतर एका रेणूचे १०७ कोटींहून अधिक रेणू होतात. प्रत्यक्षात प्रत्येक फेरी पूर्ण दुपटीची नसते, त्यामुळे आकडा काहीसा कमी भरतो; पण क्रिया गुणाकाराची आहे, यात शंका नाही. म्हणून डीएनएच्या बाबतीत मी ‘बहुगुणन’ हा शब्द सुचवतो, आणि पारिभाषिक शब्द टाळायचा असेल तेथे सरळ ‘प्रती वाढवणे’ असे लिहावे.

‘डीएनए वाढवणे’ मात्र लिहू नये, आणि याचे कारण निव्वळ शैलीचे नाही. पीसीआरच्या प्रत्येक फेरीत एक टप्पा असा असतो की त्यात प्रायमरला, म्हणजे जेथून नवी प्रत सुरू होते त्या डीएनएच्या आखूड तुकड्याला, एकेक घटक जोडला जाऊन धागा लांब होत जातो. ही खरी डीएनएची वाढ, इंग्रजीत जिला ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात ती. धाग्याची लांबी वाढते ती वाढ, आणि धाग्यांची संख्या वाढते ते बहुगुणन. एकाच नळीत दोन्ही घडत असताना दोहोंना ‘वाढवणे’ म्हटले तर विद्यार्थ्याला काय वाढले, हे कळायला मार्ग उरत नाही.

शिवाय मराठीत ‘वाढवणे’ हे क्रियापद दिसते तितके साधे नाही. आपण नारळ वाढवतो तेव्हा तो फोडतो, आणि बांगडी वाढली म्हणजे ती फुटली. अशुभ उच्चार टाळण्यासाठी असे बोलतात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ही केवळ मराठीची लकब नव्हे. संस्कृतात ‘नाभिवर्धन’ म्हणजे नाळ कापणे, आणि ‘वर्ध’ या धातूला छेदन व पूरण असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, साहाय्याने डीएनएचे तुकडे करणे हाही प्रयोगशाळेतील नित्याचा उद्योग असल्यामुळे ‘डीएनए वाढवला’ हे वाक्य वाचून एखाद्या आजीने तो फोडला असे समजले, तर दोष आजीचा नाही.

आता ‘पृष्ठभागावर’ या भागाकडे येऊ, कारण प्रश्नाचा खरा कस तेथे लागतो. इल्युमिना या कंपनीच्या पद्धतीने डीएनएचा क्रम वाचताना काचेच्या पट्टीवर दोन प्रकारचे आखूड डीएनए धागे एका टोकाने पक्के रोवलेले असतात, दाट तरव्यासारखे. नमुन्यातील तुकड्याची एक प्रत तेथे रोवली गेली की तिचे मोकळे टोक वाकते आणि शेजारच्या जुळणाऱ्या धाग्याला जाऊन चिकटते. त्या धाग्यापासून नवी प्रत तयार होते, कमान सोडवली जाते, आणि एकाच्या जागी दोन धागे उभे राहतात. ते दोघेही पुन्हा वाकतात. इंग्रजीत याला पुलाची उपमा दिली आहे. मला मात्र बागेतले दाब कलम आठवते: फांदी वाकवून मातीत दाबायची, तेथे मुळे फुटली की मूळ झाडाच्या शेजारीच नवे झाड. अशा रीतीने एका धाग्याभोवती सुमारे हजार प्रतींचा पुंजका तयार होतो. सर्व प्रती जागच्या जागी राहतात, द्रावणात पसरत नाहीत, आणि पृष्ठभागाचे महत्त्व नेमके यातच आहे.

हा पुंजका कशासाठी करायचा? एकट्या रेणूवरच्या चकाकत्या रंगाचा उजेड कॅमेऱ्याला टिपण्यास फार अपुरा पडतो. हजार रेणू एकाच वेळी एकाच रंगात चमकले की तो ठिपका स्पष्ट दिसतो. म्हणजे येथे बहुगुणन हे साधन आहे आणि सिग्नल ठळक होणे हे साध्य. दोन्हींना ‘प्रवर्धन’ म्हटल्यावर हे वाक्य ‘प्रवर्धनाने प्रवर्धन होते’ असे होऊन बसते.

एलायझा चाचणीत याच्या उलट चित्र दिसते. एवा एंगव्हाल आणि पेटर पर्लमान यांनी स्वीडनमध्ये १९७१ मध्ये मांडलेली ही पद्धत आज बहुधा ९६ वाट्यांच्या, म्हणजे ८ ओळी आणि १२ स्तंभ असलेल्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये केली जाते. शोधायचा पदार्थ वाटीच्या तळाशी प्रतिपिंडाने, म्हणजे नेमक्या त्याच पदार्थाला चिकटणाऱ्या प्रथिनाने (अँटीबॉडीने), धरून ठेवतात आणि त्यावर विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड बसवतात. हे विकर पुष्कळदा मोहरीच्या कुळातील एका तिखट मुळापासून मिळवलेले असते. मग रंगहीन द्रव घातला की काही मिनिटांत वाटी निळी होते, आम्लाचा थेंब पडताच पिवळी, आणि यंत्र त्या पिवळेपणाची गडदता मोजते. विकराचा एकच रेणू न संपता रंगाचे असंख्य रेणू घडवत राहतो, म्हणून खूण ठळक होते. परंतु ज्याचा शोध चालला आहे, तो पदार्थ जेवढा होता तेवढाच राहतो. येथे ‘बहुगुणन’ लिहिणे ही भाषेची नव्हे, तर शास्त्राची चूक ठरेल. येथे ‘सिग्नलचे विवर्धन’ हवे. ध्वनिवर्धकाचा गुण जसा येथे आहे, तसा दोषही आहे: वक्त्याबरोबर मंडपातला गोंगाटही मोठा होतो. प्लेट नीट धुतली गेली नाही, किंवा वाटीची मोकळी जागा दुधाच्या पावडरीसारख्या प्रथिनाने आधी झाकली नाही, तर भलतीकडे चिकटलेले विकरही तितक्याच इमानाने रंग देते.

माझ्या विभागणीला अडचणीत आणणारे एक उदाहरण मात्र आहे, आणि ते लपवणे बरे नव्हे. डीएनएच्या लहानशा वर्तुळावरून पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची प्रत घडवणारे विकर, फिरत राहते आणि त्याच मजकुराच्या पुनरावृत्तींचा एक लांबच लांब धागा, रिळावरून दोरा सुटावा तसा, उलगडत जातो. येथे लांबीही वाढते आणि प्रतीही, फक्त त्या प्रती एकमेकींना जोडलेल्या राहतात. काही चाचण्यांत तर हा धागा ज्यापासून सुरू होतो तो प्रायमर प्रतिपिंडालाच बांधलेला असतो; तेव्हा वाढणारा डीएनए हा शोधायचा पदार्थ नसून निव्वळ खूण असतो. अशा ठिकाणी ‘खुणेच्या डीएनएचे बहुगुणन करून सिग्नलचे विवर्धन’ असे दोन्ही शब्द एका वाक्यात आणावे लागतील. ते जरा जड होईल, पण खरे असेल.

बोलताना हा प्रश्न कोणाला पडत नाही. प्रयोगशाळेत मराठी माणसे ‘पीसीआर लावला’, ‘रन लावला’ असे म्हणतात, आणि दही लावणे, कलम लावणे या प्रयोगांच्या पंक्तीत ते अगदी शोभून दिसते: थोडक्यापासून पुष्कळ होणार, फक्त वेळ द्यायचा. क्षयरोगाच्या तपासणीतील ‘सीबीनॅट’ हे नाव तर रुग्णांच्या तोंडीही बसले आहे, त्यातला एक ‘ए’ याच ॲम्प्लिफिकेशनचा आहे, याची कोणाला खबरही नसते.

उरलेल्या शब्दांविषयी थोडक्यात. ‘घन’ म्हणजे मेघ, दाट आणि गणितातला घनही. शाळेच्या पुस्तकांतला ‘स्थायू’ अधिक निःसंदिग्ध आहे, आणि काच किंवा प्लास्टिक आहे हे माहीत असेल तेथे तेच नाव घ्यावे. ‘शोध संकेत’ वाचून संकेतच काही शोधत आहे असा भास होतो. सिग्नलसाठी ‘संदेश’ घ्यावा तर तो संदेशवाहक आरएनएने आधीच अडवला आहे, आणि ‘संकेत’ जनुकीय संकेताने. म्हणून ‘सिग्नल’च ठेवावा, चौकात उभे राहणाऱ्या प्रत्येकाला तो शब्द कळतो. आपले वाक्य मी असे करीन: ‘काचेच्या पृष्ठभागावर रोवलेल्या डीएनएच्या तेथेच असंख्य प्रती केल्या जातात, आणि त्यामुळे त्याचे अस्तित्व दाखवणारा सिग्नल टिपता येण्याइतका ठळक होतो.’