बचत गटामुळे खेड्यातल्या बाईची गरिबी खरंच हटते का, की नुसतं कौतुक?

गरिबी हटते असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. सावकार हटतो, हे मात्र डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या बाराजणींच्या गटाचं दप्तर गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. बैठकीचं इतिवृत्त, बचतीची वही, कर्जवही, प्रत्येकीचं पासबुक, सगळं मीच लिहिते. त्यामुळे सांगते ते वह्यांतलं.

बचत महिन्याला १०० रुपये. बाराजणींचे १,२००, वर्षाचे १४,४००. "एवढ्यात काय माड्या बांधणार?" असं माझे दीर तेव्हा म्हणाले होते, आणि माड्या नाहीच झाल्या. पण आमची पहिली सहा कर्जं बघा: सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बियाणं, मुलाची फी, परत बियाणं, लेकीचं बाळंतपण, आणि एक शेळी. धंद्याचं म्हणावं असं एकच. बाकीच्या पाच वेळा पूर्वी काय व्हायचं? शेकडा पाच रुपये महिन्याने पैसे उचलायचे, नडलं तर दहाने, नाहीतर डोरलं गहाण. गटात आम्ही शेकडा दोन घेतो. म्हणजे वर्षाला २४ टक्के! शहरातली भाची हे ऐकून दचकलीच, बँक याहून किती तरी स्वस्त देते म्हणाली. पण ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बँक देत नाही, आणि आमचं व्याज आमच्याच पेटीत पडतं. पाच हजार उचलणारी महिन्याला शंभर रुपये व्याज भरते, त्यात तिचाही बारावा हिस्सा असतो.

इथेच लोकांची गल्लत होते. मायक्रोफायनान्स कंपन्या, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या खासगी कंपन्या, त्याही बायकांना गोळा करून त्याला गटच म्हणतात. तिथे बचतीचं नाव नसतं. हप्ता असतो, एकीचा चुकला की बाकीच्यांच्या मागे तगादा, आणि व्याज गावाबाहेर जातं. आंध्रात २०१० साली अशा वसुलीच्या जाचातून आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. तुमच्या दारात कोणी "गट करा" म्हणत आलं, तर आधी विचारा, व्याज कोणाच्या खिशात जाणार?

गट बँकेला जोडायची सुरुवात नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या शिखर बँकेने, १९९२ मध्ये ५०० गटांपासून केली. नियम साधा आहे. सहा महिने पंचसूत्री पाळायची, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशोब. मग बँक तारणाशिवाय कर्ज देते. कागदावर. आम्हाला शाखेने पाच खेपा घालायला लावल्या, दरवेळी एक नवा कागद. शेवटी दीड लाख मिळाले, वाट्याला साडेबारा हजार आले. दोघींनी शेळ्या घेतल्या, एकीने शिलाई मशीन. तिघींचे पैसे नवऱ्याच्या मोटारसायकलला गेले, आणि ते हप्ते बायकांनीच मजुरी करून फेडले. परतफेड शंभर टक्के म्हणून आमच्या गटाचं कौतुक झालं, त्या शंभर टक्क्यांत या तिघीही आहेत.

उत्पन्न वाढलं ते शेळीवालींचं. मशीनवालीचं थोडंफार. पापड-लोणच्याबद्दल मला विचारूच नका. तालुक्यातला प्रत्येक गट तेच करतो, प्रदर्शनात चार दिवस खपतं आणि पुढे बरण्या घरी.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. ज्यांना गट सगळ्यात जास्त हवा, त्याच त्यात नसतात. आमच्या वस्तीवरची ऊसतोडीची घरं दिवाळी झाली की कारखान्यांकडे निघतात, परततात उन्हाळ्यात. पाच-सहा महिने बैठक चुकली की पंचसूत्री मोडली. त्यांतल्या एकीला आम्ही घेतलं होतं. दुसऱ्या वर्षी बाकीच्याच म्हणाल्या, "तिच्यापायी बँकेत आपली प्रतवारी पडेल," आणि तिची बचत मोजून परत दिली. इतिवृत्त मीच लिहिलं. 'स्वेच्छेने राजीनामा' असं.

तुम्ही गट सुरू करणार असाल तर एकच सांगते, पैसे सगळ्यांसमोर मोजा आणि वही तिथल्या तिथे लिहा. एकदा चाळीस रुपये कमी आले तेव्हा कंदील घेऊन रात्री दहापर्यंत बसलो होतो. निघाली माझीच बेरजेची चूक. पण तोवर दोघींचं बोलणं बंद झालं होतं, ते पुढे दिवाळीपर्यंत. आणि दप्तर एकीकडे नऊ वर्षं ठेवू नका, आमच्यासारखं. एप्रिलपासून ते एका शेळीवालीकडे जाणार आहे. तिला भागाकार जमत नाही, म्हणून सध्या रोज संध्याकाळी तिच्या मुलाच्या पाटीवर आमचा अभ्यास चाललाय. मुलगा चिडतो, त्याची पाटी अडते म्हणून.